रिग्गईची पहिली निवड

कुवेतच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी पाच वेळा नापास झालो आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतरी आमच्या मंडळातलं कुणीतरी तुम्हाला सांगणारच, त्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. पाचव्या वेळी तर मी गाडी सुरूसुद्धा केली नाही. घाबरलेला पुणेकर सवयीवर जातो. इथे स्टिअरिंग डावीकडे असतं, मी सवयीनं उजवीकडचं दार उघडलं आणि परीक्षा घेणाऱ्या पोलिसाच्या जवळजवळ मांडीवर बसलो. तो फक्त 'खलास' म्हणाला. अरबी मला फारशी येत नाही, पण एवढी येते.

बायको मात्र पहिल्या फटक्यात पास झाली. ती जाब्रियातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी मला ऑफिसपाशी सोडते, संध्याकाळी उचलते आणि मधल्या वेळात लोकांचं रक्त तपासते. थोडक्यात, कुवेतमध्ये मी जिथे जिथे गेलो आहे, तिथे तिथे तिनं मला नेलेलं आहे. ही गोष्ट मी त्या वर्षी विसरलो. का विसरलो, ते सांगायला अमेरिकेपासून सुरुवात करावी लागेल. पण त्याआधी वरच्या मजल्यावरच्या काकांना भेटून घेऊ.

आम्ही राहतो रिग्गईत. काका आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावर. एका बँकेत आहेत. ते आले तेव्हा या एका बिल्डिंगमध्ये मराठी घरं अकरा होती. आता आम्ही तीन उरलो आहोत. बाकीचे कुणी फहाहीलला गेले, कुणी कॅनडाला, कुणी कायमचे घरी. काकू दोन वर्षांपासून आईच्या आजारपणासाठी नाशिकला आहेत. डोळ्यांमुळे काकांनी गाडीही विकली. उरलं काय, तर बँक, खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, रोज आणायचं दही आणि रिग्गईचा लगोरीचा संघ.

आमचं मंडळ दर हिवाळ्यात लगोरीच्या स्पर्धा घेतं. क्रिकेट का नाही, असं नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो. क्रिकेटला मैदान लागतं, आणि शुक्रवारी सकाळी कुवेतमध्ये रिकामं मैदान मिळवायचं म्हणजे मल्याळी, तेलुगू, श्रीलंकन आणि पाकिस्तानी अशा चार संघांना एकही चेंडू न टाकता हरवावं लागतं. लगोरीला साल्मियातल्या एका शाळेमागचा फरशीचा तुकडा पुरतो. सात चपटे दगड, एक रबरी चेंडू, आणि पोट सुटलेली चाळिशीतली माणसं. दगडांचा डोंगर चेंडूनं फोडायचा, मग समोरचे चेंडूनं आपल्याला टिपायच्या आत तो पुन्हा रचायचा आणि 'लगोरी!' म्हणून ओरडायचं. एवढाच खेळ.

या एवढ्याशा खेळात रिग्गईचा संघ तीन वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता. काका कर्णधार, मी त्यांचा उजवा हात, आणि आमच्याकडे खरं खेळता येणारी एकच व्यक्ती: माझी बायको. ती कॉलेजात थ्रोबॉल खेळलेली. ती नसती तर आम्ही आणखी लवकर हरलो असतो आणि नाश्त्याला वेळेवर पोचलो असतो. बाकी लोक मिळेल तिथून गोळा करायचे. एकदा तर संख्या भरायला आमच्याकडून मुंबईहून आठ दिवसांसाठी आलेले कुणाचे तरी सासरे खेळले होते. त्यांनीच त्या दिवशी सगळ्यांत जास्त दगड रचले.

त्या वर्षीच्या मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी घसा साफ केला. आमचे अध्यक्ष घसा साफ करतात तेव्हा कुणाचं तरी काहीतरी जाणार असतं.

"रिग्गईला आता माणसंच नाहीत," ते म्हणाले. "यंदा एकही सामना जिंकला नाही, तर पुढच्या वर्षीपासून रिग्गई आणि फरवानिया एकत्र करू. काका, तुमचं काय म्हणणं?"

काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि चहा प्यायला लागले. पण रात्री नऊला झोपणारा हा माणूस त्या दिवशी आमच्याकडे साडेदहापर्यंत बसला, आणि बायकोनं तिसऱ्यांदा विचारल्यावर एवढंच म्हणाला, "संघ आहे म्हणून गुरुवारी संध्याकाळी माझा फोन वाजतो गं. फरवानियाचा फोन फरवानियाच्या कर्णधाराला जाईल."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ 'काहीतरी कर' असा होता. मी काहीतरी केलं, हीच तर सगळी अडचण.

आता अमेरिका. माझ्या ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर एक अमेरिकन बसतो. दर सोमवारी सकाळी तो लाल डोळ्यांनी यायचा आणि 'काल काय खेळले!' म्हणायचा. मीही 'काय खेळले!' म्हणायचो. तो फुटबॉलबद्दल बोलतो आहे एवढं मला कळत होतं. तो फुटबॉल हातात घेऊन पळायचा असतो आणि त्याचा आकार पपईसारखा असतो, हे मला कळायला चार महिने लागले. एकदा मी उत्साहाच्या भरात त्यांच्या गोलकीपरची स्तुती केली. तो म्हणाला, "आज जेवायला माझ्याबरोबर चल."

खालच्या लेबनीज हॉटेलात त्यानं ऑलिव्हच्या दोन बशा मागवल्या आणि टेबलावर बत्तीस ऑलिव्ह मांडली. "हे बत्तीस संघ," तो म्हणाला. मग मधोमध खुब्जची, म्हणजे अरबी रोटीची, एक लांब पट्टी फाडून ठेवली. सोळा इकडे, सोळा तिकडे. या दोन कॉन्फरन्स. मग प्रत्येक बाजूचे पुन्हा चार-चारचे ढीग केले: पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. आपल्या ढिगातल्या तिघांशी प्रत्येकी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या. उरलेले सामने बाहेरच्यांशी. त्यातही काही सामने असे की मागच्या वर्षी तुम्ही तुमच्या ढिगात ज्या क्रमांकावर होता, त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या ढिगातल्या संघाशी. पहिला पहिल्याशी, तळाचा तळाच्याशी. दोन्ही बाजूंचा एकेक विजेता उरला की शेवटी ते दोघे भिडायचे.

"पण मग बलवान संघ दर वर्षी जिंकत नाहीत?" मी विचारलं. तेवढ्या वेळात मी उत्तर विभागातले दोन संघ खाऊन टाकले होते.

"तीच तर गंमत आहे," तो म्हणाला आणि माझी बशी दूर सरकवली. "नवे खेळाडू येतात तेव्हा निवडीचा पहिला हक्क कुणाला? सगळ्यांत शेवटी राहिलेल्या संघाला. विजेत्याची पाळी सगळ्यांत शेवटी. शिवाय खेळाडूंवर किती खर्च करायचा, त्यालाही सगळ्यांना एकच मर्यादा. कुणी कायमचं वर राहू नये, कुणी कायमचं खाली राहू नये."

माझ्या डोळ्यांसमोर काका उभे राहिले. मी त्याला विचारलं, "ही कल्पना कम्युनिस्टांची आहे का?" तो म्हणाला, "हे माझ्या वडिलांसमोर कधी बोलू नकोस."

पुढच्या बैठकीत मी चार्ट घेऊन गेलो. मंडळाचे आठ संघ. त्यांचे दोन गट: 'समुद्र' आणि 'वाळवंट'. समुद्रात साल्मिया, मंगफ, फहाहील आणि हवल्ली. वाळवंटात रिग्गई, फरवानिया, अब्बासिया आणि खैतान. हवल्लीचे लोक लगेच उठले. "आमच्याकडून समुद्र दिसत नाही!" मी शांतपणे सांगितलं की अमेरिकेत पार दक्षिणेतल्या एका शहराचा संघ वर्षानुवर्षं 'पूर्व' विभागात खेळतो आणि तिथे कुणी बैठकीत उभं राहत नाही. हवल्ली बसली.

गटातल्या तिघांशी दोन-दोन सामने, आणि एक सामना दुसऱ्या गटातल्या आपल्याच क्रमांकाच्या संघाशी. आता मुख्य कलम: प्रत्येक संघानं कर्णधार आणि आणखी एक खेळाडू असे दोन जण राखायचे, बाकी सगळे खेळाडू दर वर्षी एका टोपलीत. त्यातून एकेक करून निवड. तळाचा संघ पहिला. राखलेली नावं दोन वर्षं बदलायची नाहीत, ही पुस्ती अध्यक्षांनी जोडली, कारण दर वर्षी भांडणं ऐकायची त्यांची ताकद नव्हती.

ठराव मंजूर झाला. अट मात्र कायम राहिली. "एक सामना," अध्यक्ष बोट दाखवत म्हणाले. "एक तरी."

राखायच्या दोघांची नावं मला संध्याकाळपर्यंत द्यायची होती. काका कर्णधार, म्हणजे ते आलेच. दुसरं नाव मी माझं लिहिलं. आता तुम्ही म्हणाल, का? तर ही सगळी योजना माझी, चार्ट माझा, आणि मी टोपलीत बसून कुणी मला उचलतंय का याची वाट बघायची? शाळेत कबड्डीला मला कायम शेवटी घ्यायचे, 'हा तुम्हाला घ्या, वर एक खेळाडू जास्त घ्या' अशा बोलीवर. ती वेळ पुन्हा नको होती. बायको टोपलीत गेली तर काय झालं? माझ्या बायकोला माझ्यासमोर दुसरा कुणी कशाला उचलेल? काही जनाची लाज असते की नाही?

निवडीचा दिवस उजाडला. तळाचा संघ आमचा, म्हणून पहिली निवड आमची. काका म्हणाले, "पोरीचं नाव घे आणि मोकळा हो." पण माझी नजर भाईंवर होती. भाई मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, सुलैबियात संगमरवराच्या कारखान्यात कामाला. स्पर्धेच्या लगोऱ्या तेच कापून आणतात. दिवसभर लाद्या उचलून त्यांचे हात असे झाले आहेत की त्यांनी मारलेला चेंडू दगडांना लागला, तर दगड शोधायला माणूस पाठवावा लागतो.

"काका, भाईंना आता घेऊ," मी कुजबुजलो. "तिला दुसऱ्या फेरीत घेतो. ती कुठं जातेय?"

मी उभा राहून भाईंचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. भाई म्हणाले, "भाऊ, मना पयलं घेतलंस? आता बघ मजा." मी खूश होऊन बसलो.

दुसरी निवड फहाहीलची. त्यांच्या कर्णधार म्हणजे आमच्या मंडळातल्या एक वहिनी, ज्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचीही हजेरी घेतात. त्या उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून गोड हसल्या.

"भावजी, राग मानू नका हं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या बायकोचं नाव घेतलं.

जनाची लाज वगैरे काही नसतं.

घरी येताना चौथ्या रिंग रोडवर गाडी लागल्यावर बायको बोलली.

"दोघांना राखता येत होतं ना?"

"हो."

"एक काका."

"हो."

"दुसरं कोण?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. "मी," मी म्हणालो.

तिनं इंडिकेटर दिला, लेन बदलली, आणि एकदम हसायला लागली. इतकी हसली की पुढच्या सिग्नलला डोळे पुसावे लागले. "आणि मग पहिली निवड आली, तेव्हाही मी नाही."

"दुसऱ्या फेरीत घेणारच होतो गं."

"अरे, तू भाजीवाल्याकडेसुद्धा चांगला टोमॅटो 'नंतर घेऊ' म्हणून ठेवतोस आणि तो दुसरा कुणीतरी नेतो. दर वेळी."

इथपर्यंत ठीक होतं. पण शुक्रवारी सकाळी साडेसहाला ती बूट घालून दारात उभी. फहाहीलचा सराव सातला, फहाहीलला. आमचा सराव त्याच वेळी, साल्मियाला. गाडी एक. चालवणारी एक. आणि ती समुद्राची.

"मला वाटेत सोडशील का?" मी विचारलं.

"वाटेत?" ती म्हणाली. "फहाहील दक्षिणेला, साल्मिया पूर्वेला. तुझाच चार्ट आहे ना?"

अमेरिकेतल्या बत्तीस संघांना विमानं असतात. हे त्या ऑलिव्हवाल्यानं सांगितलं नव्हतं. त्या हिवाळ्यात काका आणि मी शुक्रवारच्या सकाळी बसथांब्यावर उभे राहायचो. बस यायची तेव्हा यायची. काकांना मात्र त्यात मजा वाटायची. ते घरून थर्मासमधून चहा आणायचे, शेजारी उभ्या असलेल्या ड्यूटीवर निघालेल्या माणसांना कपभर द्यायचे आणि त्यांना आमच्या योजना समजावून सांगायचे. एका बांगलादेशी गृहस्थांना तर आमच्या गटाची गुणसंख्या माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. दर शुक्रवारी ते विचारायचे, "आज जीतेगा?" आम्ही म्हणायचो, "आज पक्का."

आम्ही गटातले सहाही सामने हरलो.

भाईंचा काही दोष नव्हता. ते डोंगर असा फोडायचे की समोरचे घाबरून मागे सरायचे. पण फोडणं एक आणि रचणं दुसरं. दगड इतके लांब उडायचे की ते वेचून आणेपर्यंत आम्ही तीनदा टिपले जायचो. एकदा एक दगड शाळेच्या भिंतीपलीकडे गेला आणि आम्ही सहा दगडांवर हरलो. शिवाय सामन्यांचं वेळापत्रक मी बनवलेलं. कुवेतमध्ये राहून मी आमचे सामने शुक्रवारी अकरा वाजता लावले होते. सव्वाअकरा झाले की भाई चप्पल घालून निघायचे. "भाऊ, नमाजला चाललो," ते म्हणायचे. "ही येळ तूच लावलीस ना? मग जुम्म्याचा टाइम काय मी लावला?"

घरी वेगळंच चालू होतं. बायको स्वयंपाकघरातून माझ्यावर मोज्यांचे गोळे मारून सराव करायची. मी हॉलमधून बाथरूमला निघालो की पाठीत एक मोजा. "तू घाबरलास की कायम डावीकडे पळतोस," ती समजावून सांगायची. "दुसऱ्या कुणाला सांगत नाही मी. पण मला माहीत असलेलं मी विसरू कसं?"

एकदा मी हळूच म्हणालो, "शेवटचा सामना तुमच्याशी आहे. तो आम्ही हरलो तर काकांचा संघ जाईल."

तिच्या हातातला मोजा तसाच राहिला. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "काकांशी बोलले मी. म्हटलं, काका, मी हळू मारू का? तर मला म्हणाले, 'पोरी, हळू मारलास तर तुझ्या घरी चहाला येणार नाही.' आता सांग, काय करू?"

मी खाली पडलेले मोजे गोळा करून तिच्यापुढे ठेवले.

शेवटचा सामना रिग्गई विरुद्ध फहाहील. दोन्ही गटांचे तळाचे संघ, म्हणजे खरं तर कुणी बघायला यायचं कारण नव्हतं. पण नवरा-बायको समोरासमोर येणार म्हटल्यावर सगळं मंडळ आलं, अगदी ज्यांचे सामने नव्हते ते खैतानवालेसुद्धा, उपमा बांधून. पंच म्हणून मी माझ्या ऑफिसातल्या अमेरिकनाला आणलं होतं. त्याला मराठी येत नाही, म्हणजे तो कुणाच्या बाजूचा नाही, असा माझा हिशेब. तो काळे-पांढरे पट्टे असलेला शर्ट घालून आला आणि येताच त्यानं आपला मोबाइल एका खांबाला बांधून चित्रीकरण सुरू केलं.

प्रत्येकाचे तीन डाव. दोन-दोन डाव झाले तेव्हा बरोबरी होती, हे मला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. फहाहीलनं तिसरा डाव खेळला, पण वहिनींच्या हातून शेवटचा दगड घसरला. म्हणजे आमचा तिसरा डाव राहिला. रचला तर जिंकलो, रिग्गई राहिली. नाही रचला, तर बरोबरी. आणि बरोबरीला अध्यक्ष जिंकणं म्हणणार नव्हते, ते त्यांनी सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

भाईंनी घड्याळ पाहिलं, चेंडू मारला आणि डोंगर उडाला. "फोडून दिलाय. आता रचा तुमी," म्हणत ते चप्पल घालायला लागले. पण गेले नाहीत. शाळेच्या दारात एक पाय बाहेर ठेवून बघत उभे राहिले.

काका गुडघ्यांमुळे पळू शकत नव्हते, म्हणून त्यांनी जमिनीवर मांडीच घातली. आम्ही दगड वेचून त्यांच्याकडे सरकवायचे आणि त्यांनी रचायचे. एक. दोन. फहाहीलचा एक नेम चुकला, चेंडू भिंतीपर्यंत गेला. तीन. चार. पाच. काकांचा हात असा चालला होता जणू नोटांची गड्डी लावताहेत. सहा. सातवा दगड माझ्या पायाशी होता. मी तो उचलला, आणि समोर बघतो तर चेंडू बायकोच्या हातात.

सहा-सात पावलांवर ती उभी. मी डावीकडे पळणार हे तिला माहीत होतं, म्हणून मी पळालो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ पुढे वाकलो आणि दगड ठेवला. काकांचा हात त्याच्याखालून निघाला. डोंगर उभा राहिला. हालला, आणि उभा राहिला. मी मान वर केली, तिनं हात मागे नेला होता, आणि मी घसा फाडून ओरडलो.

चेंडू माझ्या पोटावर बसला.

गलका झाला. आमचे लोक म्हणत होते आधी रचला, त्यांचे लोक म्हणत होते आधी लागला. अमेरिकनानं दोन्ही हातांनी हवेत एक चौकोन काढला, खांबावरचा मोबाइल सोडला आणि डोक्यावर जॅकेट घेऊन बघायला लागला. त्यांच्या लीगमध्ये असंच करतात म्हणे. सगळं मंडळ त्याच्या खांद्यांवरून डोकावत होतं. मोबाइलमध्ये स्वच्छ दिसलं: दगड बसला, हात सुटला, चेंडू अजून हवेत. आमच्या लोकांनी उड्या मारल्या.

"थांबा," अमेरिकन म्हणाला. नियमांचा कागद त्याच्या खिशात होता, मीच इंग्रजीत करून दिलेला. "शब्द ओरडल्याशिवाय डाव पूर्ण होत नाही, असं इथं लिहिलं आहे." त्यानं आवाज वाढवला आणि चित्रफीत पुन्हा लावली.

साल्मियातल्या त्या मैदानावर माझा आवाज घुमला: "अगं थांब, थांब, थांब!"

अमेरिकनानं माझ्या बायकोला विचारलं, हा काय म्हणाला. तिनं क्षणभर काकांकडे पाहिलं. काकांनी मान डोलावली. तिनं इंग्रजीत खरं ते सांगितलं.

डाव रद्द. सामना बरोबरीत.

मी कुठे तोंड लपवावं हे ठरवत होतो, तेवढ्यात अध्यक्षांनी घसा साफ केला. काका अजून जमिनीवरच बसले होते, ते एकेक दगड उतरवून बाजूला ठेवायला लागले.

"ठरल्याप्रमाणे," अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून रिग्गई फरवानियात विलीन. टाळ्या वाजवा काकांसाठी."

टाळी एकच वाजली, ती फरवानियाच्या कर्णधाराची. तो माणूस व्यवहारी. "म्हणजे तळाच्या संघाची पहिली निवड आता आमची," तो म्हणाला.

"तुमची कशी?" फहाहीलच्या वहिनी फिरल्या. "तुम्ही गटात दुसरे! रिग्गई नाही, तर तळाला आम्ही. पहिली निवड आमची!"

"वहिनी, तुम्ही आधीच हिला घेऊन बसलात, आता आणखी?" हे हवल्ली. "टोपली पुन्हा भरणार ना पुढच्या वर्षी? मग ही पुन्हा टोपलीत. तिला कोण घेणार ते आधी ठरवा!"

"आणि सातच संघ झाले तर समुद्रात चार नि वाळवंटात तीन?" खैतानवाला उपम्याचा डबा घेऊन मधे घुसला. "आमचे सामने कमी? मग हवल्लीला वाळवंटात पाठवा, नाहीतरी त्यांना समुद्र दिसत नाही!"

"आम्ही आता समुद्र सोडणार नाही!"

दहा मिनिटं हे चाललं. सात कर्णधार, सात दावे. माझी बायको मधे उभी, आपल्यावरून चाललेलं भांडण बघत. शेवटी ती म्हणाली, "अध्यक्ष, एक विचारू? फरवानियाला निवड दिली तर फहाहील चिडणार, फहाहीलला दिली तर बाकीचे. मग ज्यांची आहे त्यांनाच ठेवा की."

अध्यक्षांनी सगळीकडे पाहिलं. प्रत्येक जण दुसऱ्याला निवड मिळू नये म्हणून मान डोलावत होता. दुसऱ्याला मिळण्यापेक्षा काकांना मिळालेली बरी, यावर आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा एकमत झालं.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "राहू दे रिग्गई. पण हे सगळं पुन्हा माझ्यापुढे आणू नका."

भाईंनी दारातूनच हात उंचावला आणि पळत सुटले. फरवानियाच्या कर्णधारानं काकांना हात देऊन उठवलं, वहिनींनी चहा आणून दिला, खैतानवाल्यानं उपमा. पुढच्या वर्षीची पहिली निवड ज्याच्या हातात, त्याच्याशी कुणी वाईट वागत नाही. काकांनी उपमा खाताना दोनदा चष्मा काढून पुसला, आणि दोन्ही वेळा तो स्वच्छच होता.

परतताना बायकोनं गाडी आमच्यापाशी आणली. काका पुढे बसले, मी मागे. साल्मियातून बाहेर पडायच्या आत त्यांचं सुरू झालं.

"पोरी, तुला पहिली घेणार, हे तर ठरलं. पण रचायला कोण?"

"रचायला तुम्ही, काका. मांडी घालून. आज कुणाला टिपता आलं का तुम्हाला?"

"आणि भाई?"

"भाईंना दुसऱ्या फेरीत बघू. सामने सकाळी आठला लावायचे, म्हणजे ते पूर्ण वेळ असतील."

मी मागून म्हणालो, "मी काय करू?"

काकांनी मान वळवली. "तुला काढता येत नाही," ते फार मायेनं म्हणाले. "दोन वर्षं."

"ओरडायचं काम देऊ याला," बायको म्हणाली. "बाकी कशाला हात लावायचा नाही. डोंगर झाला की ओरडायचं."

"जमेल का त्याला?" काकांना खरंच शंका होती.

"करून घेऊ की सराव." सिग्नल लाल होता. तिनं बटण दाबून माझ्या बाजूची काच खाली केली. "हं. म्हण."

"इथं?"

"म्हण रे."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि चौथ्या रिंग रोडवर, शुक्रवारच्या दुपारी, पूर्ण ताकदीनं ओरडलो, "लगोरी!" शेजारच्या पिकअपमधल्या म्हाताऱ्या कुवेती माणसानं आपली काच खाली केली, मला नीट न्याहाळलं आणि काहीतरी विचारलं. मला कळलं नाही.

"काय म्हणाला?" काकांनी विचारलं.

बायकोला लॅबमुळे अरबी येते. "म्हणतोय, याला बरं वाटत नाहीये का, जाब्रियाच्या हॉस्पिटलात नेताय का," ती म्हणाली आणि त्या म्हाताऱ्याला हसून काहीतरी उत्तर दिलं. सिग्नल सुटला. "आणि तू," आरशातून माझ्याकडे बघत ती म्हणाली, "आणखी जोरात. काकांना नीट ऐकू नाही आलं."